वीस हजारांचे शूज आणि गुरुवारचा टेम्पो

पावसाळा सरत आला की थंडीतल्या शर्यतींची नोंदणी आणि शूजची खरेदी एकदमच सुरू होते. या महिन्यात शूजबद्दलचीच पत्रं सगळ्यात जास्त आली, म्हणून हे सदर त्यांनाच दिलं आहे. सांगलीच्या पत्राला जास्त जागा दिली, कारण त्यातली शंका बहुतेकांच्या मनात असते.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सांगलीत बँकेत नोकरी करतो. वय ४४, वजन ७३ किलो. गेल्या हिवाळ्यात हाफ मॅरेथॉन (२१.१ किलोमीटर) दोन तास सहा मिनिटांत पूर्ण केली. येत्या जानेवारीत मुंबईत दोन तासांच्या आत यायचं आहे. आठवड्यातून चार दिवस पळतो. त्यात गुरुवार टेम्पोचा, म्हणजे ठरलेल्या वेगाने सलग पळण्याचा, रविवार लाँग रनचा, म्हणजे लांब अंतराचा. ग्रुपमधले काही जण असिक्सचे सुपरब्लास्ट २ घालतात. टेम्पो, लाँग रन सगळं त्यांत होतं आणि वेगही वाढतो, असं त्यांचं म्हणणं. किंमत वीस हजारांच्या घरात जाते. माझ्याकडे सध्या रोजच्या पळण्याचा साध्या फोमचा एकच जोड आहे. एवढा खर्च करावा का? आणि केला, तर शूज आपल्याला मानवले हे ओळखायचं कसं? घरात विचारून खर्च करायचा आहे, म्हणून सविस्तर सांगा.
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

वेगाच्या सरावासाठी घेतलेले शूज कसे आहेत हे शुक्रवारी सकाळी पलंगावरून उतरताना पोटरी आणि टाच सांगतात. त्यानंतर रविवार सांगतो. गुरुवारी घड्याळात दिसलेला आकडा मी सगळ्यात शेवटी बघते. दोन तासांच्या आतली हाफ एका झकास गुरुवारातून येत नाही. ओळीने अडीच-तीन महिने गुरुवार पडू न देता झाला, आणि त्याच्या मागचा रविवारही नीट झाला, की ती येते. जे शूज टेम्पोला उडवतात पण पुढचे तीन दिवस पाय जड ठेवतात, ते माझ्या लेखी महागच पडले, मग किंमत काहीही असो.

आता वेगाचं. वेग वाढतो हे खरं आहे, पण कोणाचा आणि किती, हा हिशोब मांडू या. शूजच्या तळातल्या नव्या, उसळत्या फोमची सगळी चर्चा सुरू झाली ती २०१७ मध्ये नायकेच्या व्हेपरफ्लायमुळे. कोलोरॅडो विद्यापीठात वाउटर होखकामर आणि सहकाऱ्यांनी १८ धावपटूंवर चाचणी घेतली आणि ऊर्जेची सरासरी ४ टक्के बचत दिसली. त्याच चाचणीत त्या शूजचा तळ दाबल्यावर ८७ टक्के ऊर्जा परत देत होता. तुलनेला घेतलेल्या दोन शर्यतीच्या शूजचे आकडे ७६ आणि ६६ टक्क्यांच्या आसपास होते. हे सगळं खरं. पण ते १८ जण दहा किलोमीटर ३१ मिनिटांच्या आत पळणारे होते, आणि चाचणी ताशी १४ ते १८ किलोमीटर वेगाने झाली.

तुमचा वेग घेऊ. दोन तासांत हाफ म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद. तुमचा टेम्पो साधारण ५:२० ते ५:३० असायला हवा, म्हणजे ताशी ११ किलोमीटर. या वेगाच्या आसपासची चाचणी २०२३ मध्ये अमेरिकेत डस्टिन जूबर्ट यांच्या गटाने प्रसिद्ध केली. व्हेपरफ्लायच्याच पुढच्या आवृत्तीत ताशी १० किलोमीटरला बचत सरासरी ०.९ टक्के निघाली, १२ किलोमीटरला १.४ टक्के. माणसामाणसात फरक मोठा होता. काहींना फायदा दूरच, जास्त ऊर्जा लागली. आणि हे शूज कार्बन प्लेटचे, म्हणजे तळात कार्बनची कडक पट्टी असलेले, शर्यतीचे.

तर तुमच्यासाठी एक टक्का धरा. किलोमीटरला तीन-साडेतीन सेकंद. एवढा फरक झाडांखालून जाताना जीपीएसच्या चुकीतही हरवतो. अख्ख्या हाफमध्ये तो होतो सव्वा मिनिट. तुम्हाला हवी आहेत सहा मिनिटं. उरलेली पावणेपाच मिनिटं सरावातून यायची आहेत. म्हणून शूज घेताना विचारायचं ते इतकंच, की या शूजमुळे माझा सराव जास्त आठवडे, कमी दुखण्यात आणि ठरलेल्या वेगाने होईल का.

सुपरब्लास्ट २ बद्दल माझं मत या बाबतीत चांगलं आहे. तळ दोन थरांचा आहे. वरचा थर एफएफ टर्बो प्लस, म्हणजे असिक्सच्या शर्यतीच्या शूजमध्ये असतो तो हलका, उसळीचा फोम. खालचा थर थोडा घट्ट आणि टिकाऊ. प्लेट नाही. टाचेखाली साधारण ४५ मिलिमीटर जाडी, चवड्याखाली ३७, आणि एवढं असून एक बूट अडीचशे ग्रॅमच्या आसपास. तळ रुंद आहे, त्यामुळे उंचीच्या मानाने पाय डगमगत नाही. आमच्या नाशिकच्या ग्रुपमध्ये हे शूज वापरणारे बरेच आहेत आणि मी त्यांना गंगापूर रोडवर सोमेश्वरच्या दिशेने जाताना मागून बघत असते. लाँग रनच्या शेवटच्या टप्प्यात, जिथे साध्या फोममध्ये पावलाचा 'थप थप' आवाज वाढायला लागतो आणि कंबर खाली बसते, तिथे यांची चाल जास्त वेळ टिकलेली दिसते. या शूजची खरी कमाई मला ती वाटते. चारशे-चारशे मीटरच्या इंटरव्हलला, म्हणजे मध्ये दम खात जोरात पळण्याच्या फेऱ्यांना, मात्र ते अवजड वाटतात, वळणावर पाय पटकन फिरत नाही. सगळं एकाच शूजमध्ये होतं हे तुमच्या मित्रांचं म्हणणं मला पूर्ण पटत नाही.

एक नियमाची गोष्ट सांगून ठेवते. रस्त्यावरच्या शर्यतींसाठी जागतिक ॲथलेटिक्स संघटनेची तळाच्या जाडीची मर्यादा ४० मिलिमीटर आहे. हे शूज त्याहून जाड आहेत. बक्षिसासाठी पळणाऱ्यांना त्यात अडचण येऊ शकते. तुमच्या-माझ्यासारख्यांचे शूज कोणी मोजत नाही.

वजनाचंही लोक फार मनावर घेतात. बुटामागे १०० ग्रॅम वाढले की ऊर्जा साधारण एक टक्का जास्त लागते, हे अनेक चाचण्यांत दिसलेलं आहे. म्हणजे दोन मॉडेलमध्ये २५ ग्रॅमचा फरक असेल तर पाव टक्का. त्यासाठी घट्ट बसणारा किंवा टाच चावणारा बूट पत्करू नका. कॅलगरीचे बेनो निग यांनी आयुष्यभर शूज आणि दुखापतींचा अभ्यास केला आणि शेवटी भर दिला तो आरामावर : पायाला जो आपसूक बरा वाटतो तो निवडा. मला हे अनुभवातूनही पटलेलं आहे.

दुकानात संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडा सुजतो, पळतानाही सुजतोच. पळण्याचे मोजे घेऊन जा. पायाच्या अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. लेस बांधून उभे राहा आणि एका पायावर तोल सांभाळून विसापर्यंत मोजा. घोटा आत-बाहेर थरथरत असेल तर ती जाडी तुमच्या घोट्याला आज तरी झेपणारी नाही. मग दुकानाच्या पायऱ्या उतरून बघा. उतरताना टाच बुटातून उचलली जाते का, ते लगेच कळतं. उचलली जात असेल तर सगळ्यात वरच्या जादा छिद्रातून लेस ओवून फास घ्या. तरीही निसटत असेल तर तो साचा तुमचा नाही. तुमचे जुने शूजही सोबत न्या. टेबलावर ठेवून मागून बघा, कोणत्या बाजूला कलले आहेत, रबर कुठे जास्त झिजलं आहे. आतल्या बाजूला खूप कलत असतील तर मऊ, उंच तळ विचार करून घ्या.

आणि आता घरची चाचणी. पहिल्या एक-दोन वेळा नव्या शूजमध्ये हळूच पळा, निष्कर्ष काढू नका. नवा उसळता फोम पहिल्या दिवशी सगळ्यांनाच आवडतो. त्यानंतर चार गुरुवार घ्या : पहिला जुन्या शूजमध्ये, मधले दोन नव्या, चौथा पुन्हा जुन्या. असा क्रम अशासाठी की महिन्याभरात तुमची तयारी वाढते आणि हवाही बदलते. नवा जोड नेहमी नंतर वापरला तर सगळं श्रेय त्यालाच जातं. रस्ता तोच, वेळ तीच, आदल्या दिवशीचं जेवण-झोप शक्य तितकी सारखी. विश्रामबागेकडून मिरजेच्या दिशेने सपाट पट्टा निवडा आणि त्यावर किलोमीटरच्या खुणा एकदा स्वतः पक्क्या करून ठेवा. दोन किलोमीटर सावकाश, मग सहा ते आठ किलोमीटर टेम्पो, ठरलेल्या वेगाने. मुद्दाम जोरात नाही. वेग सारखा ठेवला तरच बाकीच्या गोष्टींची तुलना होते.

वहीत लिहायचं ते हे. टेम्पोच्या शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये हृदयाचे ठोके किती होते आणि दमसास कसा होता, तुटक का होईना, एखादं वाक्य बोलता येत होतं का. पावलांचा आवाज कधी बदलला. वळणावर किंवा रस्ता कलता असेल तिथे घोट्याला सावरावं लागलं का. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या दहा पावलांत टाचेची शीर, तळवा, नडगी यांपैकी काय बोललं. आणि रविवारी पहिल्या तीन किलोमीटरला पाय कसे होते. ऑक्टोबरच्या उकाड्यातले ठोके थंडीतल्या ठोक्यांशी लावू नका, ती तुलना फसते. चार गुरुवारांनंतर दोन्ही नवे गुरुवार दोन्ही जुन्यांपेक्षा स्पष्ट बरे दिसले, आणि शुक्रवारची सकाळ वाईट झाली नाही, तर शूज तुम्हाला मानवले.

शेवटी खर्च करावा का. तुमच्याकडे एकच जोड आहे, हे मला जास्त खटकतं. लक्झेंबर्गमध्ये २६४ धावणाऱ्यांवर २२ आठवडे अभ्यास झाला होता. एकाहून जास्त जोड आलटून पालटून वापरणाऱ्यांत दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी आढळला. म्हणून दुसरा जोड घ्याच. तो सुपरब्लास्ट असावा का? घरात ओढाताण न होता जमत असेल तर हो, पण गुरुवार आणि रविवारसाठीच. बाकीचे दोन सावकाश दिवस जुन्या शूजमध्ये. आणि घाई करू नका, ऑक्टोबरात घ्या. लाँग रन लांबायला लागतात तेव्हा त्यांचा उपयोग सुरू होतो. तोवर रोज एका पायावर चवडे उंचावण्याचा व्यायाम करा, प्रत्येक पायावर न थांबता पंचवीस होईपर्यंत. उंच, मऊ तळाचा ताण पोटरी आणि घोटाच सावरतात.

पैसे अडत असतील तर आदिदासचे बोस्टन १२ बघा. त्यात वरचा थर शर्यतीच्या फोमचा आणि मध्ये काचतंतूच्या दांड्या आहेत, थोडे कडक पण रबर फार चांगलं, ओल्या रस्त्यावर पकड सोडत नाहीत. न्यू बॅलन्सचे रिबेल व्ही४ बिनप्लेटचे, खूप हलके, टेम्पोला छान. तुमच्या वजनाला लाँग रनला ते थोडे दबतील असं मला वाटतं. यांपैकी काहीही घेतलं तरी दोन तासांचं गणित तेच राहतं.

प्रश्न : मी २९ वर्षांची आहे, ठाण्यात राहते, वजन ४९ किलो. दहा किलोमीटर ४८ मिनिटांत पळते. कार्बन प्लेटचे शर्यतीचे शूज सेलमध्ये मिळाले म्हणून घेतले आणि तेव्हापासून टेम्पो, इंटरव्हल, सगळा वेगाचा सराव त्यांतच करते. वेळ सुधारली आहे. पण काही दिवसांपासून डाव्या पावलाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या जरा पुढे, दुखतं. पळायला लागलं की कमी होतं, नंतर पुन्हा ठणकतं. शूज जरा सैल बांधले तर चालेल का?
— वाचक, ठाणे

उत्तर : लेस सैल करून हे पाहू नका. आजपासून पळणं थांबवा आणि अस्थितज्ज्ञांना दाखवा, शक्यतो खेळाच्या दुखापती पाहणाऱ्यांना. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, आणि पत्रावरून निदान करणार नाही. पण तुम्ही सांगितलेल्या जागी नॅव्हिक्युलर नावाचं एक छोटं हाड असतं. त्याला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे तिथला ताणाचा तडा सावकाश भरतो, आणि उशीर झाला तर महिनोन्‌महिने जातात. पळताना कमी होतं म्हणून लोक दुर्लक्ष करतात. एक बोट ठेवून त्या जागी हलकेच दाबा. नेमक्या एकाच ठिकाणी कळ आली तर डॉक्टरांना ती जागा दाखवा. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीचा तडा बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी एमआरआय लागेल का, हे विचारायला संकोचू नका.

कार्बन प्लेटबद्दल घाबरवायचं नाही, पण २०२३ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी असे शूज वापरणाऱ्या पाच धावपटूंच्या नॅव्हिक्युलर हाडाच्या दुखापतींची नोंद प्रसिद्ध केली. पाच जणांवरून नियम ठरत नाही, आणि त्यांनीही तो ठरवलेला नाही. त्यांनी सुचवलं ते एवढंच, की या शूजची सवय हळूहळू करावी. प्लेट असली की चवड्याचा सांधा कमी वाकतो. तिथला भार कमी होतो, पण तो नाहीसा होत नाही, पायाच्या दुसऱ्या भागाकडे जातो. आठवड्यातला सगळा वेगाचा सराव त्याच साच्यात केला तर त्या भागाला सुट्टीच मिळत नाही.

हाड बरं झालं, डॉक्टरांनी परवानगी दिली, की परत येताना टेम्पो बिनप्लेटच्या किंवा लवचिक प्लेटच्या शूजमध्ये करा. सॉकनीच्या एन्डॉर्फिन स्पीडमध्ये नायलॉनची प्लेट आहे, ती कार्बनपेक्षा बरीच वाकते. तुमच्या वजनाला तेवढा कडकपणा पुरेसा आहे. दुकानात दोन्ही टोकं धरून बूट वाकवून बघा. हाताने सहज वाकला आणि तेवढ्याच सहज सरळ झाला तर सरावाला ठीक. कार्बनचे शूज शर्यतीला ठेवा आणि त्याआधी एक-दोन सरावांना. वेळ सुधारली म्हणता, त्यातलं सगळं शूजचं नाही. तुमची तयारीही त्यात आहे, ती तुमच्याकडेच राहणार आहे.

आणि एक विचारते, कारण पत्रात नाही : पाळी नियमित आहे ना? वजन कमी, सराव जास्त आणि खाणं त्या मानाने अपुरं असेल तर पाळी लांबते आणि हाडं कमकुवत होतात. डॉक्टरांना हेही आवर्जून सांगा.

प्रश्न : माझी मुलगी १५ वर्षांची, शाळेकडून ३००० मीटर पळते. तालुक्याला पहिली आली, आता जिल्ह्याची स्पर्धा आहे. तिच्यासोबतच्या एका मुलीकडे पंधरा हजारांचे जाड तळाचे शूज आहेत. मी शेती करतो. सोसायटीकडून थोडं कर्ज उचलून घ्यावेत का? तिच्या मनात कमीपणा राहू नये असं वाटतं.
— एक वडील, आष्टी तालुका, जि. बीड

उत्तर : दादा, कर्ज काढू नका. हे मी ठामपणे सांगते, आणि तुमच्या लेकीच्या भल्यासाठीच सांगते.

ती पळते ट्रॅकवर. ट्रॅकच्या शर्यतींसाठी जागतिक नियमात तळाची जाडी २० मिलिमीटरपर्यंतच चालते. ते जाड तळाचे महागडे शूज रस्त्यासाठी बनवलेले असतात. मुरमाच्या मैदानावर वळण घेताना उंच, मऊ तळ उलट डगमगतो. दुसऱ्या मुलीला पाहून वाटणारा कमीपणा तिला हेच समजावून सांगितलंत तर बराचसा जाईल.

तिला रोजच्या सरावासाठी चांगल्या कंपनीचे साधे पळण्याचे शूज घ्या, तीन-चार हजारांत मिळतात. जमलं तर पुढे दुसरा जोड. या वयात पाऊल वाढतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी अंगठ्यापुढची जागा बोटाने दाबून बघा; नख काळं पडायला लागलं तर बूट लहान झालाय. स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले शूज, आत्ताच घेऊ नका. जिल्ह्याच्या पुढे गेली आणि सिंथेटिक ट्रॅकवर पळायची वेळ आली, की तिच्या सरांना विचारून लांब पल्ल्याचे स्पाइक्स घ्या.

शूजवर वाचलेल्या पैशातून तिचं हिमोग्लोबिन तपासा. पाळी सुरू झालेल्या आणि रोज पळणाऱ्या मुलींमध्ये लोह कमी असणं फार सर्रास आढळतं, आणि लोह कमी असेल तर तिसऱ्या फेरीपासूनच पाय शिशाचे होतात. रोज अंडी किंवा दूध, मूठभर शेंगदाणे, पालेभाजी, बाजरीची भाकरी आणि सोबत लिंबू. सराव झाल्यावर तासाभरात पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. शाळेची घाई असते तेव्हा नेमकं हेच राहून जातं.

अविनाश साबळे तुमच्याच तालुक्यातले, मांडव्याचे. सैन्यात गेल्यावर ते शर्यतींकडे वळले आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळ्यांची शर्यत) ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पळाले. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्यपदक मिळवलं. दोघांच्याही मागे वर्षानुवर्षांचं प्रशिक्षण आहे. तुमची मुलगी १५ वर्षांची आहे. तिला हवा आहे तो चांगला प्रशिक्षक, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी स्पर्धेला जाताना सोबत येणारे तुम्ही. स्पर्धेचा निकाल मला नक्की कळवा.

प्रश्न : मागच्या वर्षीचं मॉडेल सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळतंय. फोम पडून खराब होतो का?
— वाचक, पुणे

उत्तर : खोक्यात, थंड-कोरड्या जागी वर्ष-दीड वर्ष राहिलेल्या जोडाला सहसा काही होत नाही. निःशंक घ्या. फक्त त्याच मॉडेलच्या आधीच्या आवृत्तीत मापाचा साचा वेगळा असू शकतो, म्हणून घालून बघा किंवा परत करण्याची सोय असेल तरच मागवा. गाडीच्या डिकीत उन्हात शूज ठेवणाऱ्यांचा फोम मात्र लवकर मरतो, ते टाळा.

प्रश्न : महाग शूज किती किलोमीटर चालतात? माझे वरून नवेच दिसतात.
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : वरचं कापड बघू नका, तळ बघा. बूट उलटा करा. मधल्या भागात बहुतेक मॉडेलना रबर नसतं, फोम उघडाच असतो. तिथे खडीचे बारीक दाणे रुतून बसतात आणि फोम फाडत जातात. ते दर आठवड्याला काढा. मग बाजूने बघा. टाचेवर आणि चवड्याखाली फोमला आडव्या बारीक सुरकुत्या पडतात. थोड्या असतील तर काही नाही. पण बूट हातात धरून अंगठ्याने दाबल्यावर त्या सुरकुत्या तशाच दबलेल्या राहत असतील आणि एका बाजूच्या दुसरीपेक्षा खोल असतील, तर वेगाच्या सरावातून तो जोड काढा. मी साधारण पाचशे ते सहाशे किलोमीटरनंतर लक्ष ठेवायला सांगते, वजन जास्त असेल तर त्याआधी. वेगाच्या कामातून निवृत्त झालेला जोड लगेच टाकायची गरज नाही, पुढचे महिना-दोन महिने सावकाश पळायला किंवा चालायला तो चालतो. पावसात भिजला तर आतला तळवा बाहेर काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा, पंख्याखाली वाळवा. हीटर किंवा कडक ऊन नको.